आठाच्या पोटातले आकडे

भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा सुरू केला की वजन दाखवण्याआधी त्याच्यावर आकड्यांची कवायत होते. ती शोभेची नसते. तिथला प्रत्येक आकडा पेटणाऱ्या-विझणाऱ्या छोट्या कांड्यांनी बनतो, याला सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले म्हणतात. मधली कांडी विझली की आठाचा शून्य होतो, डावीकडची वरची गेली की नवाचा तीन, डावीकडची खालची गेली की सहाचा पाच. आणि चुकीचा आकडाही दिसतो अगदी साळसूद! नुसते आठ पेटवून मेलेली कांडी सापडते. कायमची पेटून बसलेली सापडायला आकडे पळवावे लागतात, नाहीतर सगळं विझवून पाहावं लागतं.

कांड्या सात. वरच्या आडवीपासून घड्याळाच्या दिशेनं ए ते एफ, मधली जी. चालू-बंद मिळून आकृत्या १२८. एकाला दोन पुरतात, आठाला सातही लागतात.

हे रूप फाँटमध्ये उतरवायचं तर आधी फक्त आठ काढावा, बाकीचे नऊ त्याच्यातून कांड्या गाळून घ्यावेत. उंची १००० एकक धरली तर रुंदी ५६०, कांडीची जाडी ११०, फट २० आणि टोकं ४५ अंशांत छाटलेली, हे माप बरं दिसतं. मग आठ ते दहा अंश उजवीकडे कलवावं. कलवावं, फिरवू नये. आडव्या कांड्या आडव्याच राहायला हव्यात. कलवल्यावर कोपऱ्यांतल्या फटी कमीजास्त होतात, त्या हातानंच सारख्या कराव्या लागतात. शिवाय आकड्याची उंची ५० पिक्सेलच्या खाली गेली की २० एककांची फट एका पिक्सेलहून बारीक होते आणि सगळं धुरकटतं. लहान आकारासाठी फट दुप्पट ठेवावी.

एकाला बारीक म्हणून कमी जागा देऊ नये. त्यानं आठाइतकीच जागा अडवून उजव्या कडेला उभं राहायचं, नाहीतर ११ चे १२ वाजताना घड्याळ दचकतं.

खरी गंमत विझलेल्या कांड्यांत आहे. आकड्यामागे त्याच मापाचा ८ हा आकडा फक्त दहा टक्के गडद ठेवला की पडदा जिवंत वाटतो. डीसेग या मुक्त परवान्याच्या फाँटमध्ये उद्गारचिन्ह टाइप केलं की पूर्ण रुंदीचं विझलेलं घर मिळतं. तिथे स्पेस दाबली तर जागा अरुंद पडते आणि आकडे मागच्या आठांवरून सरकतात.

इंग्रजी अक्षरांची मात्र ओढाताण. मोठा बी आठासारखा, मोठा डी शून्यासारखा, म्हणून दोघांना लहान लिपीत ढकलतात. तिथे ७४४७ ही आकड्यानुसार कांड्या पेटवणारी जुनी चिप सहाला वरची कांडी देत नाही. असा बोडका सहा आणि लहान बी एकच! दोन्ही लागणार असतील तर सहाला टोपी घालावीच.

आणि देवनागरी? शून्य तसाच बसतो. चाराची तिरपी कात्री या उभ्या-आडव्या कांड्यांना जमत नाही. आपला एक मात्र झकास उमटतो. वर गाठ, उजवीकडे खाली शेपूट. फक्त तो इंग्रजी नऊ असतो.