वेडा हवा, पण एकीचाच

कथानायिका पहिल्याच प्रकरणात मरते. बहुधा विषाने. कधी गळफासासाठी पांढरं रेशीम तबकात घालून येतं, तर कधी ती पडक्या महालात खोकून खोकून जाते. मरता मरता तिला कळतं, की ज्या नवऱ्याला आपण गादीवर बसवलं त्यानेच हे करवलं आणि त्याच्या शेजारी उभी आहे ती आपली सावत्र बहीण. दुसऱ्या प्रकरणात ती डोळे उघडते. वय पंधरा. मागच्या जन्मी हिच्यापायी फटके खाऊन मेलेली दासी समोर तोंड धुवायला कोमट पाणी घेऊन उभी असते. आता पुढची पाचशे प्रकरणं सूड.

या चिनी वेब-कादंबऱ्या मी गेली काही वर्षं मोबाइलवर वाचते आहे. भाषांतर कसंबसं केलेलं असतं, त्यात बादशहा मध्येच ‘ती’ होतो आणि राजमाता ‘तो’. चालतं. मुळात हा मजकूर छापील कादंबरीसारखा घोटून लिहिलेला नसतोच. 2003 साली छिदियान या संकेतस्थळाने सुरुवातीची प्रकरणं फुकट आणि पुढे हजार अक्षरांमागे थोडे पैसे, असा हिशोब बसवला. पुढे जिनजियांगसारख्या, मुख्यतः बायकांनी बायकांसाठी लिहिण्याच्या ठिकाणीही तोच रुळला. अक्षरांवर पैसे मिळायला लागले की विषाचा पेला तबकातून ओठांपर्यंत पोचायला तीन प्रकरणं लागणारच. आपल्याकडच्या आख्यायिकेत आनंदीबाईने एका अक्षरात काम उरकलं, हे या लेखिकांना मुळीच परवडलं नसतं.

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दुसरा जन्म मिळालेली ही बाई पळून जात नाही. पुढची दहा वर्षं तिला तोंडपाठ आहेत, कुठे पूर येणार, कोणता सेनापती फितूर होणार, सगळं. दक्षिणेत जाऊन चहाचा मळा घेऊन सुखाने राहावं ना! छे. ती आधी तारीख विचारते, मग आईच्या स्त्रीधनाची यादी मागवते आणि कोठीच्या किल्ल्या ताब्यात घेते. विषप्रयोगापेक्षा मला ही हिशोबाची प्रकरणं जास्त आवडतात. कोणत्या शेताचं उत्पन्न कुणी खाल्लं, रेशमाच्या ताग्यांत किती खोट आली, कारभाऱ्याच्या मेहुण्याने दुकान कुठून घेतलं. खऱ्या राजवाड्यातही सगळं असंच मोजून मापून होतं. चीनच्या छिंग घराण्याच्या काळात सम्राज्ञीला वर्षाला हजार ताएल (चांदी तोलायचं तिथलं जुनं माप) चांदी, तिच्या खालच्या राणीला आठशे, असं उतरत उतरत अगदी तळाच्या पायरीवरचीला तीस. सम्राज्ञी एक, तिच्या खालची एक, त्याखाली दोन, मग चार, मग सहा. जागा ठरलेल्या, म्हणून वर चढायचं तर वरचीने घसरलं पाहिजे. कारस्थान करायला स्वभाव दुष्ट असायची गरजच नव्हती.

आता नायक. हा राजपुत्र तरी असतो नाहीतर सीमेवरून परतलेला सरदार, आणि सगळा दरबार त्याला टरकून असतो. तो तिच्या खिडकीशी रात्रभर उभा राहील, तिच्याकडे पाहून हसलेल्या माणसाची बदली वाळवंटात करील. आपल्या गल्लीत असा कुणी निघाला तर आपण पोलिसांत जाऊ. प्रेमापोटी बायकोला कोंडून ठेवणारा नायक आला की मीही ती कादंबरी तिथेच सोडते, लेखिका कितीही पानं भरून त्याचं दुःख समजावून देवो.

तरी या वेडाला एक कारण आहे, असं मला वाटतं. त्या जगातला सज्जन नवरा नीट पाहा. तो शिवी देत नाही, हात उगारत नाही, पण आईने सांगितलं म्हणून एक उपपत्नी करतो, मंत्र्याला नाही म्हणता आलं नाही म्हणून दुसरी, मूल होत नाही म्हणून तिसरी. सगळं रीतसर, कुणाचा दोष नाही. अशा घरात ‘मला ही एकच पुरे’ म्हणायला माणूस सज्जन असून भागत नाही, त्याच्या डोक्यावर थोडा परिणामच झालेला असावा लागतो. वाचणारीला हवा असतो एकपत्नी नवरा, आणि लेखिकेला त्या काळात तो मिळवायचा तर वेडाच्या दुकानातूनच आणावा लागतो.

इतिहासात असा एक खरोखर सापडतो. मिंग घराण्याचा होंगझी बादशहा, राज्यकाळ 1487 ते 1505. त्याने झांग या एकाच सम्राज्ञीबरोबर संसार केला, दुसरी कुणी नाही. त्याचं बालपण मात्र या कादंबऱ्यांना लाजवेल. त्याचे वडील, चंगह्वा बादशहा, वान नावाच्या राणीच्या पूर्ण आहारी गेलेले. ती त्यांच्याहून सतराएक वर्षांनी मोठी, लहानपणी त्यांना सांभाळणारी दासी. तिला छड्या मारवल्या म्हणून नव्या कोऱ्या सम्राज्ञीला महिनाभरात पदावरून काढलं. तिच्या धाकाने दुसऱ्या राण्यांचे गर्भ टिकत नसत, असं जुने ग्रंथ सांगतात. आजचे अभ्यासक यातलं बरंच अतिरंजित मानतात. कोठीवर काम करणाऱ्या एका दासीला झालेला हा मुलगा पाच वर्षं लपवून वाढवला. लपवणाऱ्यांत ती काढून टाकलेली सम्राज्ञीही होती. शेवटी 1475 साली केस विंचरून घेताना बादशहा निपुत्रिक असल्याबद्दल हळहळले, तेव्हा सेवकाने सांगून टाकलं. मुलगा समोर आला, जन्मापासून न कापलेले केस जमिनीला टेकलेले. त्याच वर्षी त्याची आई गेली, कशी ते धड कुणी सांगत नाही. 1487 मध्ये वान मेली आणि त्याच वर्षी चंगह्वाही.

एकीसाठी वेडा झालेला बाप, त्या वेडाची झळ सोसलेला मुलगा, आणि तोही एकीचाच. पण बापाच्या वेडाने महाल धास्तावला होता, मुलाच्या काळी शांत होता. कादंबरी मात्र दर वेळी बापासारखा नायक घेते आणि शेवट मुलासारखा करते, ही तिची लबाडी.

झांगबाईंचं पुढे काय झालं? नवरा 1505 मध्ये गेला. एकच मुलगा जगला होता, तो बादशहा झाला आणि उनाड निघाला. 1520 मध्ये मासे धरताना नावेतून पाण्यात पडला, आजारी झाला आणि पुढच्या वर्षी निपुत्रिक वारला. गादी चुलतभावाकडे गेली. बाईंच्या भावांनी मेहुण्याच्या जिवावर लोकांच्या जमिनी लाटलेल्या. नव्या बादशहाने त्यांना तुरुंगात घातलं आणि बाईंच्या विनवण्यांना भीक घातली नाही. 1541 मध्ये त्या वारल्या.

हिला पुन्हा 1487 मध्ये, लग्नाच्या पालखीत जाग यायला हवी. सातशे प्रकरणं सहज होतील. नवरा सुधारायला नको, सवत नाही, सूड घ्यायला कुणी नाही. पहिल्या प्रकरणात दोन्ही भावांना जमिनीची कागदपत्रं समोर ठेवून दम द्यायचा. आणि मुलगा पाच वर्षांचा झाला रे झाला, की त्याला पोहायला शिकवायचं.