बोकोई नावाचं स्टेशन

जपानच्या होक्काइदोला जाऊन मुरोरानला कशाला, असं साप्पोरोत दोघांनी विचारलं. मला पोलादाचं गाव बघायचं होतं. एक्सप्रेसने दीड तासात हिगाशी-मुरोरान, तिथून छोटी लोकल. रुळांच्या कडेने कारखान्याच्या चिमण्या, गंजलेले पाइप, मातीचे ढीग, आणि मधूनच घरांच्या फटीतून समुद्र.

मुरोरानच्या एक स्टेशन आधीच, बोकोईला उतरले. नाव लिहिलंय ‘आई’ आणि ‘ओढ’ या दोन चिन्हांनी. मातृदिनाला लोक इथलं तिकीट आठवण म्हणून घेतात. पण ही चिन्हं मागाहून आली. नाव मूळचं ऐनू लोकांचं, म्हणजे होक्काइदोच्या मूळ रहिवाशांचं; अर्थ ‘जिथे होक्कीचे शिंपले खूप सापडतात ती जागा’. ‘बोकोई-मेशी’ म्हणून डबा मिळतो, त्यात होक्कीचा भात शिंपल्यातच भरलेला असतो. तो खाताना मला खरं नाव सापडल्यासारखं वाटलं.

तिथून चढ चढून चिक्यू भूशिरावर गेले. चिक्यू म्हणजे पृथ्वी; पण हेही ऐनू ‘चिकेप’वरून आलेलं, म्हणजे कडा. उभा तुटलेला कडा, त्यावर 1920 सालचं पांढरंशुभ्र दीपगृह, आणि समोर इतकं मोकळं पाणी की क्षितिजाची रेघ वाकलेली दिसते. वारा उभं राहू देत नव्हता, तरी तासभर हलले नाही.

पाठीमागे बंदर. 1907 साली इथे पोलाद कारखाना उभा राहिला, पुढे अणुभट्ट्यांचे अवाढव्य भाग इथेच घडले. 1970च्या सुमारास गावात दीड लाखावर माणसं होती, आज ऐंशी हजारही नाहीत. बाजारातली कितीतरी शटर खालीच होती. ते बघून फार वाईट वाटलं.

रात्री मात्र याकितोरीच्या दुकानात बसायला जागा नव्हती. याकितोरी म्हणजे एरवी काडीला लावून भाजलेली कोंबडी, पण इथे डुकराचं मांस, मधे कांदा, वर झणझणीत मोहरी. कामगारांचं खाणं. शेजारच्या आजोबांनी मोहरीची वाटी न बोलता माझ्याकडे सरकवली. बाहेर आले तर 1998चा हाकुचो पूल उजळला होता आणि पलीकडे कारखान्याची वाफ दिव्यांत केशरी झाली होती.

खोलीवर येऊन बोकोईच्या पाटीचा फोटो आईला पाठवला, दोन्ही अर्थ सांगितले. आई मालवणची. म्हणाली, “शिंपले कसले गं? आपल्या तिसऱ्यांसारखे?”

“मोठे,” म्हटलं. “तळहाताएवढे.”