एकाच खिडकीत सगळं गाव

सुट्टी होती, म्हणून लॅपटॉपची साफसफाई काढली. आधी विवाल्डी टाकला, ऑपेरा ब्राउझरच्याच एका संस्थापकाने काढलेला दुसरा ब्राउझर. टॅब एकावर एक रचता येतात, कडेला उभेही लावता येतात. माझ्या 43 टॅबना हक्काचं घर मिळालं. (त्यातले अर्धे कशाला उघडले होते, देव जाणे.)

मग चॅटची ॲप एकत्र आणणारं फर्डियम. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, स्लॅक, सगळं एकाच खिडकीत. कॉलेजात पिजिन नावाच्या चॅट प्रोग्रॅमवर याहू आणि जीटॉक एकत्र चालवायचे, ते आठवलं. फर्डियम मात्र प्रत्येकाचं वेब व्हर्जन वेगळं उघडून ठेवतं, म्हणजे आतून ब्राउझरच की! माझा म्हातारा लॅपटॉप धापा टाकायला लागला.

आणि मी घाईत सासूबाईंना लिहिलेलं ‘येताना कोथिंबीर आणते’ थेट साहेबांना पाठवलं.

उत्तर आलं, ‘आलंही बघा.’