धानाची ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदणी: माझा अनुभव

गावातल्या पारंपरिक धानाची नोंदणी करताना आमचा वेळ कागदांनी नव्हे, बियाण्याने खाल्ला. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणाकडे शेतकरी वाणाच्या अर्जाला शुल्क नाही. गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती किंवा जिल्हा कृषी अधिकारी यांच्यासारख्यांचे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते मिळते.

अर्जासोबत प्राधिकरणाला बियाणे पाठवावे लागते; ते चाचणीच्या शेतात लावून वाण वेगळा आणि एकसारखा आहे का, हे पाहिले जाते. घरच्या कणगीतले बियाणे मात्र जसेच्या तसे पाठवू नका. वर्षानुवर्षे एकाच खळ्यावर मळणी होते, त्यामुळे त्यात दुसरे धान मिसळलेले असतेच. आम्ही बांधीतून एकसारख्या शंभर लोंब्या निवडल्या, प्रत्येकीचे पऱ्हे (रोपवाटिका) वेगळे टाकले आणि प्रत्येकीची स्वतंत्र ओळ लावली: २० बाय १५ सेंटीमीटर, एका चुडात (एका जागी) एकच रोप. दोन-तीन रोपे लावली तर फुटवा कोणत्या रोपाचा हे कळत नाही. भेसळ तीनदा पाहिली: फुटवे येताना, निसवताना, पिकताना. वेगळी दिसलेली ओळ संपूर्ण काढून टाकली. पानाच्या आवरणाचा जांभळा रंग पीक पिकेपर्यंत फिका पडतो, म्हणून एवढे सगळे कापणीच्या तोंडावर करून भागत नाही. शेतकरी वाणाला चाचणीत चालणाऱ्या वेगळ्या रोपांची मर्यादा नेहमीच्या दुप्पट आहे, वाण नवा असावा अशी नावीन्याची अटही नाही. तरी या सवलतीच्या भरवशावर बियाणे पाठवू नये.

सर्वात अवघड रकाना वेगळेपणाचा. जवळात जवळचा माहीत असलेला वाण लिहून आपला वाण त्याहून कशात वेगळा, हे नेमके सांगावे लागते. ‘पेजेला चांगले’, ‘भात गोड’ हे खरे असले तरी चाचणीच्या शेतात मोजता येत नाही. निसवण्याच्या दिवसांवरही सगळा भार टाकू नका. आपली जुनी गरवी (उशिरा पिकणारी) धाने दिवस लहान झाल्यावरच निसवतात; पेरणीची तारीख आणि ठिकाण बदलले की दिवसांचा आकडा बदलतो. रंग, कुसळ, दाण्याची लांबी-रुंदी यांवर भर द्या.

पाठवायच्या बियाण्याला औषध लावायचे नाही. उगवण किमान ८० टक्के हवी. ताज्या धानात सुप्तावस्था असते, कापणीनंतर लगेच ओल्या गोणपाटात शंभर दाणे टाकले तर चांगले बियाणेही नापास वाटते. महिना-दीड महिना थांबून पुन्हा पाहा.

वाणाचे नाव नुसत्या आकड्यांचे चालत नाही, आणि गावाच्या नावावर हरकत निघू शकते. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी तीन महिने असतात. भांडण इथेच उभे राहते, म्हणून अर्जदार कोण हे आधी ग्रामसभेत ठरवा. साऱ्या गावाने जपलेले धान एकाच्या नावावर नोंदवणे मला अन्यायाचे वाटते. कायद्यात शेतकऱ्यांचा गट किंवा समुदायही अर्ज करू शकतो.

नोंदणीने वाणावर मिळणारा हक्क १५ वर्षांचा: आधी ६ वर्षे, मग नूतनीकरण. गावात एक भीती वारंवार ऐकू आली, की नोंदणी नसेल तर स्वतःचे बियाणे वापरता येणार नाही. तसे नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बियाणे राखायची, पेरायची, बदलायची, विकायचीही मुभा देते, अगदी संरक्षित वाणाचेसुद्धा; फक्त ब्रँडचे लेबल लावून विकायची नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत एफएल २०२७ या बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले, तेव्हा शेतकऱ्यांची बाजू मांडणाऱ्यांनी याच कलमावर बोट ठेवले होते. कंपनीने ते दावे मागे घेतले.