बाईंची दोन बोटं

स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज आला तेव्हा प्रयोगशाळा, ग्रंथालय, गॅदरिंग सगळ्यावरच लिहायचं ठरवलं होतं, पण लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर फक्त पीटीच्या बाई आल्या, गळ्यात शिट्टी आणि हातात ते स्टॉपवॉच. मग त्यांच्यावरच लिहिते, बाकीच्या शिक्षकांनी माफ करावं.

सहावी-सातवीत धावण्यात मी वर्गात सगळ्यात शेवटची. बाकीच्या मुली नळावर पाणी पिऊन यायच्या तरी माझी फेरी चालूच. पीटीचा तास आला की पोटात गोळा यायचा, मग डोकं दुखतंय, पाय मुरगळलाय असं काहीतरी सांगून पायऱ्यांवर बसून राहायचे. खोटं बोलतेस असं बाई कधीच म्हणाल्या नाहीत.

सातवीत आरोग्याच्या तासाला त्यांनी नाडी मोजायला शिकवलं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला पहिली दोन बोटं ठेवायची, अंगठ्याने मोजायचं नाही कारण अंगठ्यातही ठोके जाणवतात आणि गोंधळ होतो. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. मग मैदानावर नेलं, दोन फेऱ्या, आणि आल्या आल्या लगेच मोजायचं कारण थांबलं की ठोके उतरायला लागतात. पहिली आलेली मुलगी म्हणाली ३६, म्हणजे १४४. मी आले तेव्हा माझी बोटं इतकी थरथरत होती की मला नाडीच सापडेना, तेव्हा बाईंनी स्वतः माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, डोळे घड्याळावर, ओठ हलतायत. ४६. म्हणजे १८४. त्या सगळ्या वर्गाला म्हणाल्या, "पहिलं कोण आलं ते मला दिसलं, पण जास्त मेहनत कुणी केली ते आत्ता कळलं." एका मिनिटाने परत मोजली आणि दोन्ही आकडे माझ्या वहीत लिहिले. मग दर आठवड्याला तेच. परीक्षेच्या आधी त्याच दोन फेऱ्यांना १६४ आले, म्हणजे तेवढ्याच धावण्याला हृदयाला आता कमी धडधडावं लागत होतं. शर्यतीत तेव्हाही मी शेवटून दुसरीच होते, पण पायऱ्यांवर मी त्यानंतर बसले नाही.

पाळीबद्दल बाई मुलामुलींना एकत्र बसवून बोलल्या, दुखत असेल तर बसा, बरं वाटत असेल तर खेळा, खेळल्याने काही बिघडत नाही, एवढं सरळ. एकदा एका मुलाचा घोळणा फुटला, सगळे ओरडतायत मान वर कर, मान वर कर, बाईंनी त्याला पुढे वाकवलं आणि नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धरला. हे दोन्ही मला आयुष्यभर पुरलं.

आज मी फिजिओथेरपिस्ट आहे. बारा-तेरा वर्षांची मुलं गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणून येतात, त्या वयात हाडं भराभर वाढतात आणि मांडीचे स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढतात म्हणून होतं ते. पालक म्हणतात खेळ बंदच करू का, मी म्हणते थोडा कमी करा, बंद नका करू. पण मुलांना विचारलं पीटीला काय करता तर उत्तर येतं, तो तास गणिताला दिलाय. फार वाईट वाटतं हो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आपण आठवड्यातले ते एक-दोन तासही काढून घेतो. आपल्या शाळेने तरी ते कधी कुणाला देऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती.

क्लिनिकमध्ये बोटाला लावायचं मशीन आहे, पण मूल समोर बसलं की मी आधी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवते आणि घड्याळाकडे बघत मोजते. परवा एका आईने विचारलं, मशीन आहे ना, मग हे कशाला? मी म्हटलं, आमच्या बाई असंच मोजायच्या.