बिननावाची आमरी फुलते तेव्हा

लेबल नसलेलं ऑर्किड दोन वाटांनी घरात येतं. एक नर्सरीतून किंवा प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी स्वस्तात घेतलेलं, ज्याच्यावर ‘ऑर्किड, जांभळं’ याखेरीज काही लिहिलेलं नसतं. दुसरी आपल्याच मुलखातली आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड: तोडलेल्या आंब्याच्या किंवा जांभळाच्या फांदीवर चिकटून आलेली, गावाहून कुणी आणून दिलेली. ओळख पटवायची पद्धत दोन्हींची सारखीच, पण हाती लागणारं उत्तर वेगळं. रानातल्या जातीला नेमकं नाव मिळू शकतं. नर्सरीतल्या संकराला, म्हणजे वेगवेगळ्या आई-बापांच्या मिश्र रोपाला, बहुतेक वेळा मिळत नाही, आणि ते ओढूनताणून देऊही नये.

फूल यायच्या आधीच निम्मं काम होतं. रोप कसं वाढतंय ते बघा. एकच खोड सरळ वर चाललंय, दोन्ही बाजूंना पानं आणि खोडातूनच जाड मुळं फुटलीत, तर रोप वांडा, एरिडीस, रिंकोस्टायलिस, फॅलेनोप्सिस यांच्या गटातलं. दरवर्षी बुडातून नवा फुटवा येतो आणि त्याचा फुगीर बल्ब किंवा उसासारखी केन होते, तर डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम, सिंबिडियम यांच्या बाजूचं. मग दांडा कुठून निघतो ते पाहायचं. कॅटलियाचा बल्बच्या टोकाशी, बहुधा चपट्या हिरव्या म्यानातून येतो. ऑन्सिडियमचा बल्बच्या बुडातून. डेंड्रोबियमचा केनच्या वरच्या पेरांतून. वांडा आणि फॅलेनोप्सिसचा पानाच्या बगलेतून. फॅलेनोप्सिसमध्ये दांडा की मूळ हा घोळ नेहमी होतो. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं. दांड्याचं टोक थोडं चपटं, अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं. एवढ्या निरीक्षणावर प्रजातीच्या, म्हणजे वांडा किंवा डेंड्रोबियम अशा पहिल्या नावाच्या, आसपास पोचता येतं. त्यापुढे मात्र फुलाशिवाय इलाज नाही.

दांडा दिसल्याची तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवसापासून कुंडी फिरवू नका. कळ्या उजेडाच्या दिशेने आपली बाजू ठरवतात. बहुतेक ऑर्किडची कळी उमलताना देठावर अर्धा वळसा घेते, म्हणून ओठ खाली येतो. मधेच कुंडी फिरवली की अर्धी फुलं एका तोंडाची, अर्धी दुसऱ्या तोंडाची होतात, काही तिरकी राहतात, आणि ‘ओठ वर की खाली’ ही महत्त्वाची खूण भरवशाची राहत नाही. फोटोसाठी कॅमेरा रोपाकडे न्या, रोप कॅमेऱ्याकडे नको. कोकणात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मे महिन्यात ज्या खोलीत आंब्याची अढी घातली असेल, तिथे कळ्या आलेलं ऑर्किड ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात.

पहिलं फूल उमललं की त्याच दिवशी निकाल लावायची घाई नको. उमललेलं फूल पुढचे दोन-तीन दिवस पसरत असतं, रंगही बसत असतो. मापं तिसऱ्या-चौथ्या दिवशी घ्यावीत. फोटो मात्र पहिल्या दिवसापासून काढावेत, कारण ओठावरचा हिरवा-पिवळा रंग काही जातींत झपाट्याने बदलतो. अपवाद अल्पायुषी फुलांचा. डेंड्रोबियम क्रुमेनॅटम, म्हणजे कबुतर-ऑर्किड, पावसाने हवा एकदम गार झाली की साधारण नऊ दिवसांनी फुलतं आणि एका दिवसात मिटतं. तिथे सगळं त्याच सकाळी उरकावं लागतं.

फोटो निदान सात हवेत: फूल समोरून, अगदी बाजूने, पाठीमागून, ओठ जवळून, अख्खा तुरा पानांसकट, पानाचं टोक, आणि मुळं. लोक समोरचा एकच सुंदर फोटो काढतात आणि ओळख विचारतात. ओळखीसाठी तोच सगळ्यांत कमी कामाचा. बाजूच्या फोटोत फुलामागची पिशवी किंवा नळी, म्हणजे स्पर, दिसते, आणि निम्मी उत्तरं तिथेच असतात. सकाळच्या सावलीतला उजेड घ्या, फ्लॅश नको, चौकटीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा म्हणजे रंग नंतर पडताळता येतो. जांभळा आणि निळा यांत मोबाइल हमखास गल्लत करतो, म्हणून डोळ्यांना दिसलेला रंग शब्दांतही लिहा. वासाची नोंद तीन वेळा करा: सकाळी नऊला, दुपारी, आणि रात्री नऊला. ब्रासावोला नोडोसा दिवसा जवळजवळ निर्गंध असतं आणि रात्री दरवळतं.

आता फूल उकलायचं. तुऱ्यात बरीच फुलं असतील तर सगळ्यांत खालचं एक काढा. लागणारं सामान साधं: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, आलेख-कागद, चिकटपट्टी, दातकोरणी. बाहेरची तीन निदलं आणि आतल्या दोन पाकळ्या एकेक सोडवून कागदावर सपाट चिकटवा. तिसरी पाकळी म्हणजेच ओठ. तो सपाट करण्याआधी बाजूने बघा: मधला भाग केवढा, बाजूचे दोन कान आहेत का, कडा सरळ की झालरीची, आत केस किंवा उभ्या कडा आहेत का. प्रत्येक भागाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. ‘मध्यम आकाराचं फूल’ या वर्णनाने काहीच ठरत नाही.

मधला दांडीसारखा अवयव म्हणजे स्तंभ; पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून तो झालेला असतो. त्याच्या टोकाला छोटी टोपी असते. टोपीच्या खालून दातकोरणीचं टोक हलकेच वर उचललं की पिवळे परागपिंड, म्हणजे परागांचे घट्ट गोळे, बाहेर येतात. ते मोजायचे. डेंड्रोबियममध्ये चार, देठ नसलेले. एरियामध्ये आठ. वांडा, एरिडीस, रिंकोस्टायलिस यांत दोन, पट्टीसारख्या देठावर आणि खाली चिकट चकती असलेले. ते दातकोरणीला अख्खेच्या अख्खे चिकटून येतात. कॅटलियात बहुधा चार, लेलियात आठ. रंग लबाडी करतो, आकार जोपासनेवर हलतो, पण परागपिंडांची संख्या बदलत नाही. मला स्वतःला ही सगळ्यांत भरवशाची खूण वाटते, आणि घरगुती बागकामात ती जवळजवळ कुणीच पाहत नाही. फक्त हे काम तोडलेल्या फुलावर करा. रोपावरच्या फुलाचे परागपिंड काढले की ते फूल लवकर कोमेजतं.

सह्याद्रीतलं नेहमीचं उदाहरण घेऊ. ‘सीतेची वेणी’, ‘द्रौपदीची वेणी’ ही नावं गावागणिक वेगवेगळ्या आमरींना लावली जातात. नावं गोड आहेत आणि टिकली पाहिजेत, पण ओळखीला ती पुरत नाहीत. मेअखेर-जूनमध्ये गुलाबी-पांढरा लोंबता तुरा आला की आधी फूल आडवं धरून स्पर कुठे वळलाय ते बघा. मागे गेलेली, चपटी, बोथट पिशवी असेल तर ती रिंकोस्टायलिस रेट्युसा. तिचा तुरा गच्च, गोल, कोल्ह्याच्या शेपटासारखा, शंभरावर फुलांचाही होतो. फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं, पांढऱ्यावर जांभळट ठिपके, ओठ गडद. पानाचं टोक कुणी चावल्यासारखं दोन असमान भागांत कापलेलं असतं. हीच आसामचं कपौ फूल. तिथे ती बोहाग बिहूच्या सुमारास, एप्रिलमध्ये फुलते आणि आपल्याकडे पावसाच्या तोंडावर. म्हणून महिना हा साक्षीदार धरावा, न्यायाधीश नव्हे.

स्पर शिंगासारखा वळून पुढे, ओठाखाली आला असेल तर रोप एरिडीसचं. इथे आपल्याकडे मुख्यतः दोघींत निवड करावी लागते. निदलं आणि पाकळ्यांवर जांभळे ठिपके असतील तर एरिडीस मॅक्युलोसा. नावातच ठिपके आहेत. ठिपके नसून ओठाचा मधला भाग मोठा आणि कडेला बारीक झालर, खोड जांभळट, वास गोड, तर एरिडीस क्रिस्पा. ठिपक्यांबाबत एक सावधगिरी बाळगा. पावसात भिजलेल्या फुलांवर बुरशीचेही बारीक तपकिरी ठिपके पडतात. मूळचे ठिपके प्रत्येक फुलावर साधारण त्याच जागी आणि उमलताक्षणी असतात. बुरशीचे कुठेही पडतात आणि रोज वाढतात.

दुसरी अवघड जोडी पांढऱ्या डेंड्रोबियमची. पानं गळून गेलेल्या, वाळल्यासारख्या दिसणाऱ्या केनवर फुलं येतात. पुष्कळ जण केन मेली समजून त्याआधीच कापून टाकतात. डेंड्रोबियम ओव्हॅटम ढोबळमानाने हिवाळ्याच्या सुरुवातीला फुलतं, रंग मलईसारखा पिवळसर, घसा हिरवट. डेंड्रोबियम बार्बाट्युलम हिवाळा सरताना फुलतं, रंग शुभ्र किंवा किंचित गुलाबी छटेचा. दोन्हींत बाजूची निदलं स्तंभाच्या पायाशी जुळून खाली हनुवटी तयार होते. ही हनुवटी डेंड्रोबियमची ओळख. तीच वांड्याच्या स्परसारखी वाटून गफलत होते. वांडाही सापडतो तो बहुधा टेसेलाटा: पिवळट-तपकिरी जाळीच्या पाकळ्या, पाठ पांढरी, ओठ निळा-जांभळा. पाठीमागचा फोटो नसेल तर ती पांढरी पाठ कळतच नाही.

इतकं करूनही दोन जातींत अडकलात तर अख्खं फूल ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवा. रंग जातो, आकार टिकतो, आणि जाणकाराला तेच हवं असतं. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवून जतन केलेले नमुने आहेत. नाव शेवटी अशाच नमुन्यांशी ताडून पक्कं होतं. मात्र नमुन्याच्या हौसेपायी रानातून रोप उपटू नका. तिथे सात फोटो आणि मापं पुरतात.

नर्सरीतल्या संकराची गोष्ट वेगळी. ऑर्किडच्या संकरांची आंतरराष्ट्रीय नोंद १९६१पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते, आणि नोंदलेली नावं लाखाहून जास्त आहेत. नोंद होते ती आई-बापांच्या जोडीची. एकाच जोडीच्या बियांतून आलेली भावंडं रंगाने, आकाराने एकमेकांपासून खूप वेगळी निघतात, आणि वेगळ्याच जोडीची रोपं मात्र हुबेहूब सारखी दिसतात. त्यामुळे फुलाकडे पाहून आई-बाप सांगता येत नाहीत. हारतुऱ्यांत दिसणारं जांभळं, मध्ये पांढरं डेंड्रोबियम बघून ‘सोनिया’ म्हणायचा मोह होतो. पण सोनिया १७, सोनिया २८ असे त्याच्यातच प्रकार आहेत, आणि तसं दिसणारे दुसरे संकरही बाजारात आहेत. ‘सोनियासारखं’ म्हणणं खरं, ‘सोनिया’ म्हणणं अंदाज. मोबाइलमधली ओळख सांगणारी अ‍ॅप इथेच फसतात; ती रंग आणि रूप जुळवतात, आणि संकरात तेवढंच सारखं असतं.

निळ्याशार फॅलेनोप्सिसच्या नावाच्या शोधात तर पडूच नका. बाजारातली ती निळी फुलं दांड्यात रंग सोडून केलेली असतात. दांडा आणि देठही निळसर दिसतात, आणि पुढचा बहर पांढरा येतो. पूर्वीची ‘अ‍ॅस्कोसेंडा’ अशी चिठ्ठी सापडली तर ती चूक नव्हे. ते अ‍ॅस्कोसेंट्रम आणि वांडा यांच्या संकरांचं नाव होतं. अ‍ॅस्कोसेंट्रम आता वांड्यातच धरतात, म्हणून ते संकरही वांडा झाले.

मग लेबलवर काय लिहायचं? जे पाहिलं ते. ‘डेंड्रोबियम संकर, जांभळं, मध्ये पांढरं, रुंदी ७५ मिमी, तुऱ्यात ९ फुलं, वास नाही, पहिला बहर ऑगस्ट’ आणि कुठून, कधी आणलं. जात ठरली पण खात्री कमी असेल तर नावाआधी ‘बहुधा’ लिहा आणि दुसऱ्या बहरापर्यंत तो शब्द खोडू नका, कारण कोवळ्या रोपाचा पहिला तुरा लहान, विरळ, कधी वेड्यावाकड्या फुलांचा येतो. खोटं नाव लिहिलेलं रोप पुढे वाटलं गेलं की चूक त्याच्याबरोबर दहा घरांत जाते, म्हणून कोरं लेबलही त्यापेक्षा बरं.

लेबल पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हाने फिकी पडते, शिसं वर्षानुवर्षं राहतं. एक पट्टी कुंडीतल्या नारळाच्या सोडणांच्या आणि कोळशाच्या आत पूर्ण खोचा, दुसरी बाहेर दिसेल अशी लावा. लाकडी टोपलीतल्या किंवा फांदीवर बांधलेल्या रोपाला अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर खिळ्याने कोरून ती तारेने टोपलीला किंवा फांदीला बांधा, रोपाच्या खोडाला नको. खोड जाड होताना तार रुतते.