सिगरेट न ओढणाऱ्यांनी बाहेर कधी जायचं?

आमचं ऑफिस वागळे इस्टेटला, चौथ्या मजल्यावर. काचा आहेत पण उघडत नाहीत आणि स्क्रीनवर उजेड येतो म्हणून पडदे कायम ओढलेले, त्यामुळे सकाळी साडेनऊला आत गेलं की बाहेर ऊन आहे की आभाळ हे संध्याकाळी सातलाच कळतं.

मार्च एंडिंगला एक दिवस एकच मेल चार वेळा वाचला तरी डोक्यात शिरेना. उठून वॉशरूममध्ये गेले आणि रडायलाच आलं, काही झालं नव्हतं तरी. शेजारच्या डेस्कवरचा म्हणाला चल खाली, मी सिगरेट ओढतो तू नुसती उभी रहा. तेव्हा लक्षात आलं की हे लोक दिवसातून तीनदा खाली जातात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. मी उठले की मात्र "कुठे चाललीस?" हे मला खरंच चुकीचं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की फोन ड्रॉवरमध्ये ठेवून रायलादेवी तलावाकडे जायला लागले. पहिले दोन दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. तिसऱ्या दिवशी वायरवर खंड्या दिसला, मान खाली घालून एकटक पाण्याकडे बघत बसलेला, मग एकदम सूर मारला, मासा काही मिळाला नाही, अंग झटकून परत त्याच जागी येऊन बसला. मी किती वेळ बघत होते देव जाणे, पण तेवढ्या वेळात एक्सेल शीट एकदाही आठवली नाही.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी हेच मांडलंय, की मन एकवटून काम करायची ताकद वापरून वापरून थकते आणि झाडं, पाणी, पक्षी आपलं लक्ष जबरदस्ती न करता वेधतात म्हणून तेवढ्यात तिला आराम मिळतो. मला वाटतं पॅन्ट्रीत बसून रील्स बघण्याने तो मिळत नाही, डोकं कामालाच लागलेलं असतं. इंग्लंडमधल्या जवळपास 20 हजार लोकांच्या 2019 च्या अभ्यासात आठवड्याला निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्या लोकांमध्ये, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा, तब्येतीने आणि मनाने बरे असल्याचं सांगण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि ती मिनिटं थोडी थोडी करून भरली तरी चालतात. पाच दिवसांत वाटली तर रोजची 24 मिनिटं!

कामाचं प्रेशर आहे तेवढंच आहे. पण घरी जाऊन आईवर खेकसणं कमी झालंय, हे तीच म्हणाली.

गेल्या आठवड्यात मॅनेजरशी सरळ बोलले, की चहाच्या ब्रेकसारखीच ही वीस मिनिटं सगळ्यांना द्या. "बघू" म्हणालेत. तोवर आम्ही तिघी जातोय.